बेहडवंडची पाटी

२ एप्रिल, रविवार

पाटी काढली! फाट्यावरची आमच्या गावाची पाटी — पिवळी, काळ्या अक्षरांची, एका कोपऱ्यात गंजलेली — मुळासकट उपटली. खड्डासुद्धा सिमेंटने बुजवलाय, म्हणजे पुन्हा कुणी रोवायला नको. तिथे आता काळा ग्रॅनाइट आणि त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. एल्सडाम! खाली बारीक अक्षरात ‘लेकसाइड व्हिलाज’. बाजूला लाकडाची पवनचक्की. ती विजेवर फिरते!

दर रविवारी मी लोणावळ्याहून गावी जातो. रिटायर झाल्यापासून एक रविवार चुकवलेला नाही. कान्ह्याला लोकलमधून उतरायचं, जीप धरायची, टाकवे बुद्रुक मागे टाकून धरणाच्या कडेकडेने शेवटपर्यंत — बेहडवंड. आज जीपवर नवा ड्रायव्हर होता. कुठं जायचं, म्हणाला. बेहडवंड, म्हटलं. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, “म्हंजे एल्सडामच्या पुढचं का?”

मी उतरलो. खरंच उतरलो आणि उरलेली वाट उन्हात चालत गेलो. सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून काढली. गाडी कुठून सुटली आणि कुठे लागली ते नावानिशी लिहिल्याशिवाय ब्रेकव्हॅनमधून पाय खाली टाकला नाही. आणि माझं गाव मला विचारतात, कशाच्या पुढचं!

संध्याकाळी घरी आलो तरी धुसफुस चालूच. सारिका म्हणाली, पाटीच तर काढली, गाव कुठे गेलंय?

गाव गेलंय म्हणूनच तर! मी तिसरीत होतो तेव्हा धरणाचं पाणी चढलं. घरं गेली, खळी गेली, भैरोबाचं देऊळ गेलं. भांडीकुंडी, गुरं आणि म्हातारीकोतारी घेऊन आम्ही वर टेकाडावर नव्या गावठाणात आलो. नवी घरं, नवी विहीर, नवी शाळा. जुनं असं एकच वर आलं — नाव. तेवढं पाण्याला बुडवता आलं नव्हतं. ते आता या ग्रॅनाइटवाल्यांनी बुडवलं. हे बायकोला समजावून सांगावं लागतं याचाच मला जास्त राग आला.

३ एप्रिल, सोमवार

बीपीची गोळी दोनदा घेतली. पवनचक्की!

९ एप्रिल, रविवार

त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. भर एप्रिलात ब्लेझर घातलेला मॅनेजर. वाक्याला एक ‘सर’. माणूस पुण्याचा, मराठी चांगलं बोलतो, पण मध्येच घसरतो.

एल्सडाम म्हणजे काय, विचारलं. हॉलंडमधलं छोटंसं खेडं आहे म्हणाला. पाणी, गवत, शांतता. मालक तिकडे फिरायला गेले होते, त्यांना भावलं. मी म्हटलं, भावलं तर तिकडेच राहायचं होतं. तो हसला. यांना हसण्याचं ट्रेनिंग देतात बहुतेक. मग म्हणाला, “सर, क्लायंटला स्टोरी लागते. बेहडवंड जरा हार्ड जातं.”

हार्ड! ज्यांना ‘क्रॉसाँ’ म्हणता येतं त्यांना बेहडवंड म्हणता येत नाही!

स्टोरी पाहिजे ना, घे म्हटलं, आणि सांगितली. आमचा मूळपुरुष घाटावरून खाली आला. सगळीकडे रान. एका भल्यामोठ्या बेहड्याच्या झाडाखाली त्याने घोडा बांधला, आणि घोडा सकाळी तिथून हलेना. म्हणून इथेच वस्ती केली. बेहड्याचं म्हणून बेहडवंड. आमच्या घराकडे पाटीलकी आली ती तेव्हापासून. हे मला वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. मॅनेजरने मान डोलावली आणि तो बेहडा अजून आहे का, असं विचारलं. आहे की, म्हटलं, वर ठाकरवाडीत, चिंगीमावशीच्या अंगणात. “मग घोडा तिकडे वर आणि गाव खाली पाण्याशी?” म्हणाला. नसती अक्कल! घोड्याला काय, कुठेही बांधतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की भैरोबाचं देऊळ उघडं पडतं. शेवाळलेलं, चिखलाने भरलेलं, पण कळसापासून पायरीपर्यंत अख्खं. पौर्णिमेला आम्ही पालखी घेऊन खाली जातो, देऊळ धुतो, जत्रा करतो. वर्षातला एकच दिवस आमचा देव आम्हाला भेटतो. आणि देवळाकडे उतरणारी वाट आता यांच्या गेटमधून जाते! पौर्णिमेला गेट उघडं ठेवा, म्हटलं. त्याने मोबाइलमध्ये बघितलं. शुक्रवार आला होता. “सॉरी सर, लाँग वीकेंड. फुल बुकिंग आहे. पॉसिबल नाही.”

नाव नेलं आणि आता देवही. निघताना त्याने मला पवनचक्कीचं चित्र असलेला कप भेट दिला. मी तो तिथेच टेबलावर ठेवला.

१० एप्रिल, सोमवार

कैलासला फोन केला. सख्ख्या चुलतभावाचा मुलगा, आणि गावचा सरपंच. म्हणाला, “काका, त्यांनी टाकी बांधून दिली, रस्ता करून दिला. नावाचं काय एवढं घेऊन बसलाय?” फोन मीच ठेवला. पाटलाच्या घरातला पोरगा!

१६ एप्रिल, रविवार

डच माणूस सापडला!

बहिणीची तेजल गुलाबांच्या पॉलिहाउसमध्ये सुपरवायझर आहे. तिकडे दरवर्षी हॉलंडहून एक म्हातारा कलमं बघायला येतो, हेंक नावाचा. मी तेजलला म्हटलं, मला त्याला भेटायचंय. कशाला, म्हणाली. जाब विचारायला, म्हटलं. तिने कपाळाला हात लावला, पण घेऊन गेली.

हेंक माझ्याच वयाचा, कदाचित थोडा मोठा. उन्हाने लाल झालेला. गुडघ्यावर बसून गुलाबाचं पान उलटं करून बघत होता. मी तोंड उघडायच्या आत तेजलने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण एल्सडाम ऐकताच तो मोठ्याने हसला. एल्सडामला पवनचक्की नाहीच म्हणाला! कधी नव्हती! मी त्याच्यावर रागवायला गेलो होतो, पण हे ऐकून मला तो माणूस आवडला.

मग तेजल मध्ये बसली आणि त्याने त्या गावाची कुळकथा सांगितली. खेडं एवढंसं. आमच्या गावठाणाएवढं असेल. तिथे एक ओढा होता, काठाला एल्स नावाची झाडं. ओढ्यावर बांध घातला. त्यांच्याकडे बांधाला, धरणाला ‘डाम’ म्हणतात. म्हणून एल्सडाम.

म्हणजे त्यांचं गाव धरणामुळे झालं, आणि आमचं धरणामुळे गेलं! आणि त्यांचं नाव आमच्या धरणाच्या काठावर! मी हे तेजलला त्याला इंग्रजीत सांगायला लावलं. तो हसला नाही. मान हलवत राहिला.

पुढचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. बांध कुणी घातला? पहिले तिथे राहायचे ते दलदलीतली काळी माती खणणारे लोक. ती माती वाळवून जाळायला विकायची, आपण गोवऱ्या विकतो तशी. अगदी गरीब माणसं. त्यांनी आपल्या झोपड्या वाचवायला हातांनी बांध घातला, आणि त्या झोपड्यांच्या ओळीलाच एल्सडाम म्हणायचे. मग बांधापाशी होड्या थांबायला लागल्या, माल उतरायला लागला. व्यापारी आले. त्यांनी बांधाच्या खालच्या अंगाला पक्की घरं बांधली, चर्च बांधलं आणि नाव उचललं. खालचं ते एल्सडाम. वर राहिले ते नुसते ‘माती खणणाऱ्यांची रांग’. अजून नकाशावर तेवढंच लिहिलेलं असतं म्हणे. गावाला नाव नाही, नुसता धंदा!

हेंकची आई त्या रांगेतली. तिला कुणी गाव विचारलं की ती म्हणायची — एल्सडामच्या मागे. मरेपर्यंत तेवढंच सांगायची. हे सांगताना तो पुन्हा गुलाबाचं पान बघायला लागला. मला खरंच वाईट वाटलं.

येताना तेजलला म्हटलं, बघ, नावसुद्धा चोरीचं निघालं! चोरीचा माल आणून आमच्या डोक्यावर मारला. काय माणसं असतात, ज्यांनी बांध घातला त्यांना विचारलंसुद्धा नाही. तेजल म्हणाली, “मामा, पाणी प्या.”

२३ एप्रिल, रविवार

एल्सडामची गोष्ट आतापर्यंत चिक्कीवाल्याला, केशकर्तनालयात, आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाला सांगून झाली. सगळ्यांना राग येतो. यायलाच पाहिजे. सारिका म्हणते, हल्ली तुम्ही गावापेक्षा त्या हॉलंडवाल्यांबद्दलच जास्त बोलता. म्हटलं, अन्याय तो अन्याय.

१ मे, सोमवार

ग्रामसभा. शाळेच्या पडवीत पंखा नाही, चहा नाही, कोरम कसाबसा.

पहिला विषय पाटीचा. मी उठलो आणि बोललो. मूळपुरुष सांगितला, धरण सांगितलं, हेंकची आईसुद्धा सांगितली. म्हटलं, गरिबांचं नाव उचलून मोठे झालेल्या गावाचं नाव आपण आपल्या वेशीवर लावून घेणार? टाळ्या पडल्या. कैलासचं तोंड बघण्यासारखं झालं. पण शेवटी तो म्हणाला, पाटीची जागा कंपनीची आहे, आपण विनंती करू शकतो. विनंती! माझ्याच गावाच्या नावासाठी मी विनंती करू? बरंच बोललो. घसा बसला.

त्यात मध्येच ग्रामसेवकाने दुसरा विषय काढला. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायची असं सरकारचं आलंय. तेव्हा आपल्या ठाकरवाडीला नवं नाव सुचवा. कुणी समतानगर म्हणालं, कुणी क्रांतीनगर. मी म्हटलं, अरे काहीही ठेवा, एकतानगर ठेवा, आणि मुख्य विषयावर या! मागे भिंतीला टेकून वाडीचा विकास उभा होता, चिंगीमावशीचा नातू, तळेगावला कंपनीत जातो. तो एवढंच म्हणाला, “आमचं नाव आमी बघून सांगतो.” बघा म्हटलं बाबांनो, पण आत्ता नको.

ठराव एवढाच झाला की पालखी नेहमीच्याच वाटेने जाणार. गेट असो नाहीतर काहीही असो.

४ मे, गुरुवार

शिधा घेऊन वाडीत जाऊन आलो. डोकं ठिकाणावर नाही. जसं झालं तसं लिहून काढतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्या घरातल्या माणसाने वर ठाकरवाडीत जायचं, ही रीत. तांदूळ, डाळ, गूळ, नारळ घेऊन. बेहड्याखाली अनवाणी उभं राहायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं — यंदाबी असू द्या. मग वाडीचा म्हातारा नारळ फोडतो. एक वाटी झाडाशी ठेवतो, एक आमच्या हातात देतो. ती वाटी वर्षभर आमच्या गावच्या घरी देव्हाऱ्यात असते. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा पालखीच्या पुढे चालतो आणि शिवेवर गावाच्या नावाची हाळी देतो. हाळी झाल्याशिवाय भोई पाऊल उचलत नाहीत. वडील गेल्यापासून हे मी करतो. मला वाटायचं, आपण गावकीतला एक मान त्यांना देतो. हाळी घालायचं काम त्यांचं, शिधा ही त्याची बिदागी. ‘असू द्या’ म्हणजे कृपा असू द्या. झाडाची, देवाची.

आजवर हाळी कान्हूबाबा द्यायचे. ते दिवाळीत गेले. आता त्यांच्या मागे चिंगीमावशी. अंगणात बसून करवंदं निवडत होत्या. त्यांनी मला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. मी बसल्याबसल्या सुरू झालो. पाटी, गेट, मॅनेजर, आणि मग एल्सडामची माती खणणारी माणसं. त्यांचं नाव खालच्या लोकांनी कसं नेलं, आणि हेंकची आई काय सांगायची. मावशी निवडता निवडता ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “खालच्यांनी त्यास्नी इचारलं व्हतं का?”

कुठलं विचारतात, म्हटलं. सरळ उचललं.

“मग तुमी बरं,” त्या म्हणाल्या. “तुमी दरसाल येऊन मागता. म्हून तर देतो आमी.”

काय देता, म्हटलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. “नाव,” म्हणाल्या. “दुसरं काय? बेहडा हितं, बेहडवंड हितंच व्हतं. तुमची माणसं खाली आली, त्यास्नी नाव न्हवतं. आमच्यातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, वापरा, पर दरसाल इचारायला यायचं.”

मी चिडलो. मावशींवर चिडायचं नव्हतं, पण चिडलो. म्हटलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या मूळपुरुषाचा घोडा — “व्हय, घोडा बांधला असंल,” त्या म्हणाल्या, “सावली लय हाये त्याला.” आणि पुन्हा करवंदांकडे वळल्या. ना वाद घातला, ना आवाज चढवला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने यात वाद घालण्यासारखं काही नाहीच!

मग उठून त्या बेहड्याखाली गेल्या. मी चपला काढल्या, टोपी काढली. इतकी वर्षं जे न अडखळता म्हणालो ते आज तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं. त्यांनी नारळ फोडला, एक वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, उद्या येते.

उतरताना सारखा मनात वाद घालत होतो. काहीतरीच! गाव आमचं, पाटीलकी आमची. सातबारा, शाळा, टपाल, सगळीकडे बेहडवंड म्हणजे आम्ही. म्हाताऱ्या माणसांच्या सांगोवांगीच्या गोष्टी. पण मग ते ‘असू द्या’ कशाला म्हणतो आपण? कृपाच मागायची तर भैरोबाकडे मागावी, त्यासाठी टेकडी चढून दुसऱ्याच्या अंगणात टोपी काढून कशाला उभं राहायचं? वडील होते तेव्हा मी हे कधी विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. त्यांना तरी माहीत होतं का?

वाटी देव्हाऱ्यात ठेवली. आज गावातच मुक्काम.

५ मे, शुक्रवार, पौर्णिमा

जिंकलो! गेट उघडलं, पालखी आतून गेली, देवाचं दर्शन झालं. हातपाय मोडून आलेत, पण सगळं लिहिल्याशिवाय पडणार नाही.

सकाळी पालखी गेटवर आली तर आडवा दांडा खाली. वॉचमन बिहारचा, बिचारा घाबरून हात जोडत होता. ब्लेझर आला. म्हणाला वीस जण जाऊ द्या, बाकीचे बाहेर थांबा, आणि ढोल नको, गेस्ट झोपलेत. सूर्य डोक्यावर आला होता आणि गेस्ट झोपलेले! भोयांनी पालखी दांड्यासमोर खाली ठेवली आणि सगळे रस्त्यावरच बसले. बायका, पोरं, म्हातारे, वरच्या वाडीतली माणसं, सगळे.

आणि मग मागून गाड्या यायला लागल्या. लाँग वीकेंड! मुंबईच्या, पुण्याच्या, मोठमोठ्या. रस्ता एकच, आणि त्यावर आमचा देव बसलेला. हॉर्नवर हॉर्न. एक बाई खाली उतरून मॅनेजरला इंग्रजीत झापायला लागली की चेक-इनचं काय. त्याने ब्लेझर काढला तो तेव्हा.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, सर, तुम्ही समजूतदार आहात, नाव एवढं का धरून बसलात, नाव काय कुणाच्या मालकीचं असतं का? बस्स. माझा तोल गेला. मी ओरडलो — एवढ्या मोठ्याने की ढोलवालेसुद्धा वळले — “मालकीचं असतं! नाव हवं असेल तर ज्याचं आहे त्याच्या दारात जाऊन मागावं लागतं! आम्ही दरवर्षी वर जाऊन अनवाणी उभं राहून मागतो, तेव्हा ते आम्हाला देतात! तुम्ही कुणाला विचारलंत?”

बोललो आणि मलाच ऐकू आलं. कैलास माझ्याकडे बघत राहिला. मावशी पालखीच्या पुढे उभ्या होत्या, त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. विकासने मात्र बघितलं. पण तेव्हा विचार करायला वेळ कुणाला होता. मागे गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. मॅनेजरने फोन केला, कुणाशी तरी यस सर, यस सर झालं, आणि दांडा वर गेला.

चिंगीमावशींनी पदर कमरेला खोचला आणि हाळी दिली. त्या बाईच्या अंगात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. बेहडवंडचं गाव आलं हो! तीनदा. त्यांच्या हिरव्यागार हिरवळीवरून, पवनचक्कीच्या समोरून. गॅलऱ्यांमधून माणसं मोबाइल धरून उभी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

देऊळ धुतलं, भैरोबाला शेंदूर लावला. चिखलात सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत बुडाले. पाणी उतरलेल्या जागेत आमच्या जुन्या घराचा चौथरा दिसतो. त्यावर बसून प्रसाद खाल्ला.

७ मे, रविवार

त्या चेक-इनवाल्या बाईने आमचा व्हिडिओ कुठेतरी टाकला आणि तो पसरला. ब्लेझरचा आपणहून फोन. पाटी परत लावतो सर, मालकांनी सांगितलंय, मराठीत, आमच्या बोर्डाच्या बरोबरीने लावतो. मालकांना स्टोरी आवडली म्हणे! आवडो बापडी. पाटी लागणार ना! कैलास येऊन पाया पडला. सारिकाने शिरा केला. मी दोनदा घेतला.

१४ मे, रविवार

पाटी लागली सकाळी. निळी, नवी कोरी. बघून गावच्या घरी आलो तर ओट्यावर चिंगीमावशी आणि विकास बसलेले. त्या आमच्या घरी कधी येत नाहीत, आम्हीच वर जातो. चहा घेतला. मग म्हणाल्या, “भाऊ, सरकारनं वाडीचं नाव इचारलंय. ठाकरवाडी हे काय नाव न्हाई म्हनत्यात. आमी आमचंच लावतो. तुमीच दारावर बोललात, समद्यांनी ऐकलं. आता आमालाच लागतंय, तवा ती वाटी द्या.”

मी आत गेलो. देव्हाऱ्यातली वाटी घेतली, बाहेर आणून त्यांच्या ओंजळीत दिली. कैलास दुपारपासून फोन करतोय. उचलला नाही. कुणावर रागवू?

तेजल आली होती, तिने सगळं बघितलं. निघताना म्हणाली, मामा, मग आता कुणी गाव विचारलं तर काय सांगायचं?

एल्सडामच्या पुढे, म्हटलं.